मांजराआधी विमा

गुरुवारी वाटाण्याच्या सूपनंतर पॅनकेक असतात. त्या गुरुवारी टूरेने तिसऱ्या पॅनकेकवर जाम पसरला, घडी घातली आणि घास तोंडाशी नेला, तेवढ्यात त्याची बायको गुनवोर म्हणाली, "मला मांजर हवंय."

टूरेने घास परत ताटलीत ठेवला. "किती?"

"एकच. मी काय गोठा घालणार आहे का?"

"किती पैसे लागतील, असं विचारतोय मी."

टूरे हेडलुंडची बाजू सांगायची तर छत्तीस वर्षं तो हेर्नेसांड या समुद्रकाठच्या गावाच्या नगरपालिकेत अंदाजपत्रकं करत होता. येत्या हिवाळ्यात रस्त्यांवर बर्फ किती पडणार आणि तो हटवायला किती क्रोनर लागणार, हे त्याला ऑगस्टमध्ये, बाहेर लोक समुद्रात डुंबत असताना लिहून द्यावं लागे. बर्फाने त्याचं एकदाही ऐकलं नाही. एखाद्या वर्षी नाताळपर्यंत पत्ता नसायचा, आणि एखाद्या वर्षी नोव्हेंबरातच सगळे पैसे संपायचे आणि सभेत लोक टूरेकडे असे बघायचे, जणू त्यानेच फावड्याने आणून टाकलाय. तेव्हा निवृत्त झाल्यावर निदान स्वतःच्या घरात तरी काही आगाऊ न कळवता घडू नये, एवढीच त्याची अपेक्षा होती.

"आपल्याला दोन मुली झाल्या," गुनवोर म्हणाली, "तेव्हा कुठे बसला होतास हिशोब करत?"

"बसलो होतो. तुला दाखवला नाही, एवढंच."

"काय सांगतोस! आणि?"

"थोरली बसली हिशोबात. एलिन जरा बाहेर गेली."

गुनवोरला हसायचं नव्हतं, पण हसू फुटलंच. तिने जन्मभर शाळेत शिवणकाम शिकवलं होतं. मापाला तिचाही विरोध नव्हता. पण ती माप घेऊन लगेच कापड फाडणाऱ्यांतली होती, आणि टूरे चार वेळा माप घेऊन कापड पुन्हा कपाटात ठेवणाऱ्यांतला.

रविवारी दोघं मांजरं बघायला गेली. गावाबाहेर, जुन्या लाकूडगिरणीशेजारी, बेवारस मांजरांचं एक घर आहे. इव्होन नावाची एक बाई तिथे विनापगारी राबते. तिच्या स्वेटरवर इतके केस असतात, की स्वेटर मुळात कुठल्या रंगाचा हे कुणालाच माहीत नाही. गुनवोर खुर्चीत बसली न बसली तोच एक राखाडी मांजरी आली, तिच्या मांडीवर चढली, दोनदा गोल फिरली आणि स्थिरावली. तिचं नाव स्मूलान.

"दोन वर्षांची आहे," इव्होन म्हणाली. "लसी झाल्यात, चिप बसवलीय. कागदावर सही करा आणि घेऊन जा."

गुनवोरने टूरेकडे बघितलं. डोळ्यांत सगळं होतं.

"आम्हाला थोडा वेळ लागेल," टूरे म्हणाला. "विम्याचं बघायचंय आधी."

"विमा घ्याच," इव्होन म्हणाली. "पशुवैद्याकडे नुसतं दार उघडलं तरी पैसे पडतात हल्ली. पण मी मांजर राखून नाही ठेवत हं, टूरे. जो आधी येईल त्याचं."

"एक आठवडा," टूरे म्हणाला.

सोमवारी सकाळी त्याने स्वयंपाकघरातल्या टेबलावर चार विमा कंपन्यांची माहितीपत्रकं पसरली आणि पेन्सिलीला टोक केलं. कागदावर उभ्या रेघा मारल्या. खाणं, वाळू, विम्याचा हप्ता, इथपर्यंत सरळ होतं. मग त्याने लिहिलं: 'पडदे, झीज.' मग 'सोफा, झीज.' मग उन्हाळ्यात आपण समुद्रकाठच्या झोपडीवर गेलो आणि मांजराला ती मानवली नाही तर सांभाळणाऱ्याचा खर्च. मग 'इतर' असा एक रकाना. 'इतर' त्याला जन्मभर आवडला नव्हता. बर्फ नेहमी 'इतर'मध्येच पडायचा.

"हे पैसे आणायचे कुठून?" त्याने संध्याकाळी विचारलं. "शुक्रवारची कोळंबी बंद केली तर..."

"शुक्रवारच्या कोळंबीला हात लावशील तर बघ. तू त्या बर्फावरच्या बँडीच्या सामन्यांचा पास बंद कर. थंडीत कुडकुडत अकरा माणसं चेंडू हरवताना बघायची, त्याचे पैसे देतोस."

"तो खेळ आहे."

"मांजर पण खेळतं. फुकट आणि घरात."

शेवटी कोळंबी एक शुक्रवार आड आली आणि पास अर्ध्या हंगामाचा झाला. फेब्रुवारीतल्या मदेइरा बेटाच्या सहलीचे पैसे मात्र बँकेत वेगळे ठेवले होते. लग्नाला पंचेचाळीस वर्षं होणार म्हणून दोघं तिकडे उन्हात जाऊन बसणार होती. त्या पैशांना कुणी हात लावायचा नाही, यावर दोघांचं एकमत झालं.

हप्त्याचा प्रश्न मात्र सुटेना. एका कंपनीचा हप्ता कमी, पण दरवेळी आधी स्वतःच्या खिशातून भरायची रक्कम भरमसाट. दुसरीची ती रक्कम कमी, पण दात वगळलेले. तिसरी विचारत होती, मांजर घरातलं की बाहेर फिरणारं? टूरेला वाटलं, हे मांजरालाच विचारायला हवं. चौथ्या कंपनीला त्याने फोन लावला. पलीकडे नादिया नावाची एक शांत आवाजाची मुलगी होती, आणि पहिल्याच दिवशी तिच्या लक्षात आलं की हा माणूस लवकर सोडणारा नाही.

"समजा," टूरे म्हणाला, "मांजराने माझ्या बायकोची अंगठी गिळली."

"ऑपरेशनचा खर्च मिळेल."

"आणि अंगठी?"

"अंगठी मिळेलच, टूरे. आज ना उद्या."

टूरेने ते लिहून घेतलं. "आणि तीच अंगठी त्याने पुन्हा गिळली तर? पुन्हा पहिल्यापासून खिशातून भरायचं?"

"चार महिन्यांच्या आत गिळली तर नाही. तो काळ एकच धरतात."

"म्हणजे गिळायची झाली तर लगोलग गिळलेली बरी."

"हो," नादिया म्हणाली. "पण तुम्ही अंगठी कपाटात ठेवलीत तर सगळ्यात स्वस्त पडेल."

टूरेला ही मुलगी आवडली. मंगळवारी त्याने तिला पुन्हा फोन केला, गुरुवारी पुन्हा. आठवडा संपला, दुसरा लागला. इमारतीच्या धुलाईघरात लोक त्याला गाठून आपापल्या कुत्र्यामांजरांच्या विम्याबद्दल विचारू लागले आणि तोही कपड्यांची टोपली कडेवर घेऊन अर्धा अर्धा तास सल्ला देऊ लागला. गुनवोर रोज विचारायची, "झालं का?" तो म्हणायचा, "झालंच." मग तिने विचारायचं सोडलं. ते त्याच्या लक्षात आलं नाही.

तिसऱ्या बुधवारी हिशोब पूर्ण झाला. महिना दोनशे चौदा क्रोनर, दातांसकट. अर्ध्या क्रोनरचीही गळती नाही. टूरेने अंगात नवा शर्ट घातला, का ते त्यालाही सांगता आलं नसतं, आणि इव्होनला फोन केला.

"अरे टूरे," इव्होन म्हणाली, "स्मूलान गेली की. शनिवारीच. क्रामफोर्सच्या एका कुटुंबाने नेली."

गुनवोर ओट्यापाशी उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

"अच्छा," ती म्हणाली.

ती ओरडली असती तर टूरेला बरं वाटलं असतं. ती त्याच्याशी अदबीने बोलायला लागली. "कॉफी घेणार का? बरं. तुझ्या सवडीने." "जरा तो दिवा लावतोस का? आभारी आहे." पंचेचाळीस वर्षांच्या संसारात तिने एवढ्या वेळा आभार मानले नव्हते. घरात रांगेत उभं राहून नंबरची चिठ्ठी घ्यावी लागेल की काय, असं टूरेला वाटू लागलं. भांडी धुवायचं यंत्र असताना ती हाताने भांडी घासत होती, आणि घासलेली पुन्हा घासत होती.

पाचव्या दिवशी टूरे बल्ब शोधायला झाडूच्या कपाटात शिरला. बादलीच्या मागे, एका टॉवेलखाली, निळी वाडगी होती. छोटीशी, पसरट. तळाला किमतीची चिठ्ठी तशीच होती आणि तिच्यावर तारीख: स्मूलानला बघून आले त्याच्या दुसऱ्याच दिवसाची. म्हणजे तो टेबलावर रेघा मारत बसला होता, तेव्हा ती बाजारात जाऊन वाडगी घेऊन आली होती. मग त्याने मान वर केली, तर बैठकीच्या खिडकीत जिरॅनियमच्या कुंड्या एका बाजूला सरकवलेल्या दिसल्या. उरलेल्या अर्ध्या खिडकीत घडी केलेली लोकरीची शाल होती. तीन आठवडे ती शाल तिथेच होती, आणि तीन आठवडे तो तिच्यासमोर बसून पेपर वाचत होता.

टूरेने वाडगी होती तशी ठेवली, टॉवेल पुन्हा वर टाकला, आणि बल्ब न घेताच बाहेर आला.

मंगळवारी गुनवोर तिच्या गाण्याच्या मंडळात गेल्यावर तो कागदांची फाईल काखेत मारून बसने लाकूडगिरणीकडे गेला.

"या आठवड्यात फारसं काही नाही," इव्होन म्हणाली. "एक बाळंतीण आहे, तिची पिल्लं अजून द्यायची नाहीत. एक जंगली आहे, त्याला गोठा लागतो. आणि मग गुब्बेन."

गुब्बेन म्हणजे म्हातारबा. बायका नवऱ्यालाही लाडाने तेच म्हणतात, गुनवोरही म्हणायची, पूर्वी, म्हणजे गेल्या बुधवारपर्यंत. हा गुब्बेन अकरा वर्षांचा लालसर बोका होता. कानाचं टोक थंडीने झडलेलं, पुढचा एक दात गायब, आणि चेहरा असा, की जणू समोरच्याने अर्ज चुकीचा भरलाय.

"मालकीण वृद्धाश्रमात गेली," इव्होन म्हणाली. "तिथे नेता येत नाही. मागे एकदा मूतखडा झाला होता त्याला, आता ठीक आहे. चार महिने झाले इथे. त्याला बघायला कुणी खाली वाकतच नाही."

टूरेने तिथूनच नादियाला फोन लावला.

"अकरा?" नादिया म्हणाली. "आजारपणाचा नवीन विमा नाही मिळायचा, टूरे. आमच्याकडेच काय, कुठेच नाही मिळणार. आणि मूतखडा तर आधीचाच, तो कुणीच धरणार नाही. फक्त अपघाताचा मिळेल."

"म्हणजे झाडावरून पडला तर?"

"तर मिळेल."

टूरेने गुब्बेनकडे बघितलं. गुब्बेन खुर्चीवर चढावं की नाही याचा विचार करत होता, आणि बराच वेळ करत होता.

"हा झाडावर जाईल असं वाटत नाही."

"मग तो हप्ता वायाच जाईल," नादिया म्हणाली. "हे मी बोलले असं कुठे सांगू नका."

टूरेने फाईल उघडून खुर्चीवर ठेवली, पेन्सिल काढली आणि वाकून आकडे मांडू लागला. आकडे वाईट होते. उलटे मांडले तरी वाईट होते. तो चष्मा पुसायला वळला, तेवढ्यात गुब्बेनचा विचार पूर्ण झाला. तो खुर्चीवर चढला, फाईलवर बसला, आकड्यांवरून शेपूट ओढून घेतली आणि झोपला.

टूरे तसाच उभा राहिला. पाच मिनिटं गेली, दहा गेली.

"तुझी बस जाईल," इव्होन म्हणाली. "उचल की त्याला."

"झोपलाय तो."

"मग?"

"आत्ताच लागलीय झोप."

बस गेली. इव्होनने त्याला एक स्टूल दिलं आणि वेलदोड्याचा पाव दिला. पुढची बसही गेली. खोलीत गुब्बेनच्या घोरण्याशिवाय आवाज नव्हता. त्याचं पोट वर खाली होत होतं आणि त्याबरोबर फाईलचा कोपराही. टूरेने स्टूल जरा जवळ ओढलं. बोट पुढे करून त्याने त्या झडलेल्या कानामागे हळूच खाजवलं. झोपेतच गुब्बेनने डोकं त्याच्या हातात टाकलं, सगळ्या वजनासकट. टूरे म्हणाला, "इव्होन, सही कुठे करायची?"

"फाईलवर ठेवून कर."

"फाईल नाही मिळायची."

मग त्याने भिंतीवर कागद टेकवून सही केली.

बसमध्ये पिंजरा मांडीवर घेऊन त्याने मनाशी ठरवलं: विमा नाही तर नाही, दर महिन्याला सहाशे क्रोनर वेगळ्या खात्यात टाकायचे. दोन वर्षांत बऱ्यापैकी जमतील. आणि बोका त्याआधीच आजारी पडला तर? या प्रश्नात दोन थांबे गेले. तेव्हा त्याने खिडकीबाहेर बघितलं.

गुनवोर दार उघडून उभी राहिली. पिंजऱ्यातून एक रागीट पिवळा डोळा तिच्याकडे बघत होता.

"हा कोण?"

"गुब्बेन."

"गुब्बेन तू आहेस."

टूरेने खूश होऊन पिंजरा खाली ठेवला. "हाही आहे," तो म्हणाला.

ती खाली बसली. पिंजऱ्याचं दार उघडलं. बोका बाहेर आला, जिरॅनियमच्या खिडकीखाली जाऊन उभा राहिला आणि वर बघत ओरडला, जणू विचारत होता, शिडीची सोय का केली नाही. गुनवोरने त्याला उचलून शालीवर ठेवलं.

"वय काय?"

"अकरा."

"आणि विमा?"

"देत नाहीत."

"कुणीच?"

"कुणीच."

गुनवोर उठली. टूरेजवळ आली आणि तिने हाताचा तळवा त्याच्या कपाळावर ठेवला. "ताप तर नाहीये," ती म्हणाली. मग तो तळवा तिथून गालावर आला आणि जरा वेळ तिथेच राहिला. त्यानंतर ती झाडूच्या कपाटाकडे गेली. टूरेने पाठ फिरवली आणि आपल्याला काही माहीत नसल्यासारखं बुटांची नाडी सोडायला घेतली.

सहा आठवडे झकास गेले. गुब्बेन शालीवर झोपायचा, उठून टूरेच्या पेपरवर झोपायचा, आणि तिथून उठला की गुनवोरच्या विणकामावर. 'गुब्बेन' अशी हाक मारली की टूरे आणि बोका दोघेही वळून बघायचे. डिसेंबरातल्या एका शनिवारी सकाळी मात्र बोका वाळूच्या पेटीत जाऊन बसला, बाहेर आला, पुन्हा गेला, पुन्हा आला. पेटी कोरडीच. चौथ्यांदा तो आत बसून रडल्यासारखा ओरडला, तेव्हा गुनवोरने गाडीची किल्ली उचलली.

सुंडस्वालच्या प्राण्यांच्या दवाखान्यात खिडकीतल्या बाईने आधी नाव विचारलं आणि मग, मान वर न करता, "विमा कुठल्या कंपनीचा?"

"हेडलुंड आणि हेडलुंड," गुनवोर म्हणाली.

बाईने संगणकात शोधलं. पुन्हा शोधलं. "ही कंपनी सापडत नाहीये हो."

"नवीन आहे," गुनवोर म्हणाली. "आमचीच आहे. हे हिशोब बघतात, मी गाडी चालवते."

टूरेला हसू आलं नाही. त्याच्या कंपनीच्या खात्यात दोन महिन्यांचे मिळून बाराशे क्रोनर होते. डॉक्टरीणबाईने बोक्याचं पोट दाबून बघितलं. लघवी अडकलीय, ती म्हणाली, भूल द्यावी लागेल, नळी घालावी लागेल, दोन दिवस इथे ठेवावं लागेल. बारा हजारांच्या घरात जाईल. वय बघता, ती हळू आवाजात म्हणाली, काही लोक अशा वेळी वेगळा निर्णयही घेतात. तुम्ही दोघं बोलून घ्या.

दोघं बाकावर बसली. समोर एक माणूस ससा घेऊन बसला होता. तो या दोघांकडे बघू लागला.

"गुनवोर," टूरे म्हणाला, "मला ठाऊक होतं. मागे मूतखडा झाला होता, हे इव्होनने सांगितलं होतं. मी आकडा मांडला होता. तुला नाही सांगितलं."

"का?"

"तू नको म्हणाली असतीस तर?"

गुनवोरने कोटावरचे लालसर केस एकेक करून वेचले. टूरेला वाटलं, आता पुन्हा 'आभारी आहे' सुरू होणार.

"मदेइरात फेब्रुवारीत पाऊस असतो," ती म्हणाली.

"कोण म्हणतं?"

"मी म्हणते. आणि तुला ऊन बाधतं. नाक सोलून निघतं तुझं."

"त्या पैशांना हात लावायचा नाही असं ठरलं होतं ना."

"मी कुठे हात लावतेय? कार्ड तुझ्याकडे आहे. तू लाव."

टूरे उठला. खिडकीपाशी जाताना त्याचे पाय जरा हलके पडत होते, आणि याचं कारण त्याला समजेना. आयुष्यातला सगळ्यात मोठा, कुठल्याच रकान्यात न बसणारा खर्च तो करायला निघाला होता. त्याने कार्ड लावलं. यंत्राने टिंग केलं. सशावाल्याने मान डोलावली.

सोमवारी त्यांनी गुब्बेनला घरी आणलं. पुढचा पाय भादरलेला, चाटू नये म्हणून गळ्यात कागदाचं नरसाळं, आणि सोबत महागड्या औषधी खाण्याची पाच किलोची पिशवी. वाटेत पेट्रोल पंपावर दोघांनी सॉसेज घेतलं आणि गाडीतच बसून खाल्लं. नाकात वास गेल्याबरोबर नरसाळ्यातून गर्जना झाली.

"थोडं देऊ का?" गुनवोरने विचारलं.

"डॉक्टर नको म्हणालीय. फक्त पिशवीतलं."

"फार कडक आहे बाई."

"पुढच्या महिन्यापासून आठशे टाकायला हवेत खात्यात," टूरे म्हणाला.

"कुठून आणणार?"

"ते उद्या बघतो."

गुनवोरने त्याच्याकडे वळून बघितलं आणि गाडी सुरू केली. बाहेर बारीक बर्फ पडू लागला होता. टूरेने गुडघ्यांवरचा पिंजरा गरम हवेच्या झडपेकडे वळवला. आत नरसाळं दोनदा जाळीवर आपटलं, पुटपुटलं आणि शांत झालं.